मॉस्को ऑलिंपिकचे घड्याळ कसे ओळखावे?

जुन्या वस्तूंच्या बाजारात कधीकधी एक चावीचे मनगटी घड्याळ पाहायला मिळते. तबकडीवर ऑलिंपिकची पाच वर्तुळे, त्यांच्यावर मनोऱ्यासारख्या उंच होत गेलेल्या रेषा आणि टोकाला तारा. कधी एक हसरे अस्वल असते, तर कधी तासांच्या आकड्यांऐवजी खेळाडूंच्या छोट्या आकृत्या. विकणारा सांगतो, 'हे १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकचे.' वस्तूने स्वतःविषयी केलेल्या अशा विधानावर कितपत विश्वास ठेवावा? नाणी आणि ताम्रपट अभ्यासणाऱ्यांसमोर हाच प्रश्न असतो. घड्याळाच्या बाबतीत तो वर्गातल्या साधनांनीही बराचसा सोडवता येतो, म्हणून आम्ही हे उदाहरण घेतले आहे.

आधी तबकडी पाहू. १९८० चे ऑलिंपिक मॉस्कोला द्यायचे हे ऑक्टोबर १९७४ मध्ये व्हिएन्ना येथे ठरले. अस्वलाचे नाव मिशा. मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढणाऱ्या व्हिक्टर चिझिकोव यांनी ते रेखाटले आणि १९७७ मध्ये ते स्पर्धेचे शुभचिन्ह म्हणून मान्य झाले. तेव्हा मिशा असलेली तबकडी त्याआधीची असणे शक्य नाही. तबकडीवर सील मासा दिसला तर मात्र गोंधळू नये. शिडाच्या बोटींच्या शर्यती मॉस्कोत नव्हे, तर एस्टोनियातील टॅलिन येथे झाल्या आणि त्यांचे वेगळे शुभचिन्ह होते विग्री नावाचा सील. (सील हा मासा नव्हे, सस्तन प्राणी आहे, हे जीवशास्त्राच्या शिक्षकांना सांगायला नकोच!)

खेळाडूंच्या आकृत्या तर भूमितीच्या तासाला दाखवाव्यात अशा आहेत. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकसाठी ओटल आयखर यांनी केलेल्या आकृत्यांत हातपाय ४५ आणि ९० अंशांच्या कोनांत बसवलेले होते. मॉस्कोसाठी लेनिनग्राडच्या निकोलाय बेल्कोव यांनी ३० आणि ६० अंशांचे कोन घेतले आणि कडा गोलसर ठेवल्या. तबकडी मॉस्कोची म्हणून दाखवली आणि आकृत्या म्युनिकच्या निघाल्या, तर शंका घ्यायला जागा आहे. आकृत्यांत हॉकीपटू दिसला तर आपण क्षणभर थांबणारच. अफगाणिस्तानात सोविएत सैन्य शिरल्यामुळे अनेक देशांनी या स्पर्धेवर बहिष्कार घातला होता. पुरुषांच्या हॉकीत अवघे ६ संघ उतरले आणि २९ जुलै १९८० रोजी भारताने स्पेनला ४–३ असे हरवून सुवर्णपदक मिळवले.

इथवर तबकडीने आपल्याला 'याच्या आधीचे नाही' एवढे सांगितले. 'याच्या नंतरचे नाही' हे ती सांगू शकत नाही. शिवाय तबकडी हा घड्याळाचा सर्वांत सहज बदलता येणारा भाग. मुंबईत जुन्या तबकड्या पुन्हा रंगवून, छापून विकण्याचा धंदा इतका चालला की जगभरच्या संग्राहकांत अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' असे नाव पडले.

म्हणून मागचे झाकण उघडायचे. हे काम घड्याळजीकडून करून घ्यावे. सोविएत कारखान्यांची एक पद्धत आमच्या मते फार शहाणपणाची होती. आतल्या यंत्रावर ते चार आकडी क्रमांक कोरत. पहिले दोन आकडे म्हणजे यंत्राचा व्यास, मिलिमीटरमध्ये. पुढचे दोन म्हणजे त्याची करामत : ०२ असेल तर सेकंदाचा छोटा काटा वेगळ्या वर्तुळात, ०९ असेल तर तो मध्यभागी आणि धक्क्यापासून संरक्षणाची सोय, १४ असेल तर तारीख, २८ असेल तर तारीख आणि वार दोन्ही. लेनिनग्राडजवळच्या कारखान्यातील 'राकेता' घड्याळांत २६०९ हा क्रमांक पुष्कळदा सापडतो. मॉस्कोच्या 'स्लावा'त २४१४ किंवा २४२८ असतो, तर चिस्तोपोलच्या 'वोस्तोक'मध्ये २४०९.

आता तबकडी आणि यंत्र समोरासमोर आणता येतात. तबकडीला तारखेची खिडकी आहे आणि यंत्र २६०९ आहे, तर त्या खिडकीतून तारीख कधीच दिसणार नाही. तबकडी दुसऱ्या घड्याळाची. तबकडीवर 'राकेता' आहे आणि आत २४ मिलिमीटरचे यंत्र आहे, तर तिथेही काहीतरी चुकते आहे. यंत्र बाहेर काढलेले असेल तर व्यास व्हर्नियर कॅलिपरने मोजून घ्यावा. आणखी एक कसोटी आम्हाला सर्वांत भरवशाची वाटते. तबकडीच्या पाठीला दोन बारीक पाय असतात आणि ते यंत्राच्या पट्टीतील ठराविक छिद्रांत बसतात. वेगळ्या यंत्राची तबकडी आणली की पाय जुळत नाहीत. मग ते कापून तबकडी चिकटवतात. डिंकाचा डाग दिसला की फार विचार करायला नको.

छपाई भिंगातून पाहावी. कारखान्यातल्या अक्षरांची जाडी एकसारखी असते, पुन्हा छापलेल्यांची बहुधा नसते. तबकडी कोरी करकरीत आणि काटे मात्र गंजलेले, हेही लक्षात ठेवण्याजोगे लक्षण.

या सर्व कसोट्यांतून घड्याळ पार पडले, तरी आपण एवढेच म्हणू शकतो की तबकडी आणि यंत्र एकमेकांना साजेसे आहेत. नेमक्या वर्षासाठी कागद हवा. सोविएत घड्याळासोबत एक छोटी पुस्तिका मिळे, तिला 'पासपोर्ट' म्हणत. तीत यंत्राचा क्रमांक आणि तारखेचा शिक्का असे. मात्र असे पासपोर्ट सुटेही विकले जातात. तेव्हा पुस्तिकेतला क्रमांक आतल्या यंत्रावरच्या क्रमांकाशी पडताळून मगच तारीख वाचावी.