स्त्रिया आणि संगणक : एका ब्रिटिश उद्योगाची साक्ष

संगणक हे मूलतः पुरुषांचे क्षेत्र असून स्त्रियांना तेथे हात धरून न्यावे लागते, असा समज रूढ आहे. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे.

नाझी छळातून वाचवल्या गेलेल्या ज्यू बालकांबरोबर १९३९ साली पाच वर्षांची एक मुलगी व्हिएन्नाहून इंग्लंडला आली. स्टेफनी शर्ली या नावाने ती पुढे विख्यात झाली. मुलींच्या शाळेत गणित शिकवीत नसत, म्हणून त्या विषयापुरते तिला मुलांच्या शाळेत जावे लागले. नोकरीत शिरल्यावर स्त्रीच्या बढतीला कुंपण असते, हेही तिने अनुभवले. अखेर १९६२ साली अवघ्या ६ पौंडांच्या भांडवलावर तिने ‘फ्रीलान्स प्रोग्रामर्स’ हा उद्योग आरंभिला.

लग्न वा बाळंतपणामुळे नोकरी सुटलेल्या प्रशिक्षित स्त्रियांना तिने घरबसल्या काम दिले. घरोघरी संगणक असण्याचा तो काळ नव्हता. पण आज्ञावली आधी कागदावर पेन्सिलीने लिहिली जाई. त्यामुळे एक मेज व एक दूरध्वनी एवढी सामग्री पुरे होई. कॉनकॉर्ड विमानाच्या उड्डाणनोंदयंत्राचे काम या उद्योगाने केले. पहिल्या सुमारे ३०० कर्मचाऱ्यांत पुरुष अवघे ३ होते.

आरंभी स्टेफनीबाईंच्या पत्रांना उत्तरे येत नसत. पतीच्या सूचनेवरून त्या ‘स्टीव्ह’ अशी सही करू लागल्या आणि भेटीची निमंत्रणे येऊ लागली. गुणवत्ता तीच होती; बदलले होते ते केवळ नाव. पुढे १९७५ च्या लिंगभेदविरोधी कायद्याने केवळ स्त्रियांना काम देण्याचे त्यांचे धोरणच बेकायदा ठरले, हा काळाचा विनोदच म्हणावा लागेल. कालांतराने त्यांनी उद्योगाची मालकी कर्मचाऱ्यांत वाटली आणि त्यांतील ७० जण लक्षाधीश झाले. २०२५ साली स्टेफनीबाई निवर्तल्या.

या इतिहासाचे मर्म आजच्या प्रशिक्षणवर्गांच्या चालकांनी ध्यानी घ्यावे. त्या स्त्रियांजवळ बुद्धी होती, विद्याही होती. उणीव होती ती सोयीच्या वेळेची, योग्य मोबदल्याची आणि कोणीतरी टाकलेल्या विश्वासाची. आत्मविश्वास व्याख्यानांतून येत नाही. जोखमीचे काम हाती सोपवले जाते आणि ते तडीस जाते, तेव्हा तो आपोआप रुजतो. प्रमाणपत्र देऊन थांबणारा वर्ग म्हणूनच अर्ध्या वाटेवर थांबतो.