दोन घराण्यांची फटफटी

ग्रीक पुराणांत ट्रायटन नांवाचा एक देव आहे. समुद्राधिपति पोसायडन याचा तो पुत्र. कमरेपर्यंत मनुष्य आणि खालीं मासा. आमच्या नरसिंहाचा हा दूरचा आप्तच म्हणावयाचा. इंग्लंडांत १९५० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत तरुण मंडळींनीं घरच्या पडवींत जी एक फटफटी जुळविली, तिलाही ट्रायटन हेंच नांव पडलें. मात्र तें पुराण वाचून नव्हे. ट्रायम्फचें इंजिन आणि नॉर्टनचा सांगाडा, अशा दोन नांवांच्या टोकांना मारलेली ती गांठ होती. ट्रायम्फच्या किंवा नॉर्टनच्या यादींत ही गाडी कधींच आली नाहीं. तरीही इंग्रजी कारखानदारीचा इतिहास पाहूं जाणारानें तिच्यापाशीं क्षणभर थांबावें, असें आम्हांस वाटतें.

सांगाडा अगोदरचा. बेलफास्टच्या रेक्स मॅक्कँडलेस यानें तो नॉर्टन कंपनीसाठीं आंखला व १९५० सालीं आइल ऑफ मॅन बेटावरील शर्यतींत तो प्रथम गाजला. त्या वर्षीं तेथील ज्येष्ठ व कनिष्ठ या दोन्ही शर्यतींचे पहिले तिन्ही क्रमांक नॉर्टननें पटकाविले. ज्येष्ठ शर्यत जेफ ड्यूकनें जिंकली. हॅरल्ड डॅनिएल नामक स्वारानें या गाडीवर बसणें म्हणजे पिसांच्या गादीवर पडण्यासारखें आहे, असें म्हटल्याचें सांगतात. त्यावरून या सांगाड्याचें 'फेदरबेड' हेंच नांव रूढ झालें. नळ्यांचीं दोन वेटोळीं इंजिनास दोहों बाजूंनीं कवेंत घेत व पुढें मानेपाशीं एकमेकांस छेदून जात. यामुळें सांगाडा पिळवटत नसे, आणि वळणावर गाडी स्वाराच्या मनाप्रमाणें झुके.

इंजिनाचें घराणें निराळें. कॉव्हेंट्रीच्या ट्रायम्फ कंपनींत एडवर्ड टर्नर यानें १९३७ सालीं शेजारीं-शेजारीं दोन सिलिंडर असलेलें ५०० सी. सी. चें इंजिन बाजारांत आणलें. १९४९ सालीं तें ६५० सी. सी. चें झालें, आणि १९५९ च्या हंगामासाठीं दोन कार्बुरेटरांचें, ४६ अश्वशक्तीचें 'बॉनव्हिल' निघालें. जोर मोठा, किंमत बेताची, सुटे भाग गांवोगांव मिळणारे. उणीव एवढीच कीं, ट्रायम्फचा स्वतःचा सांगाडा या जोरास पुरा पडत नसे. भरधाव वळतांना गाडी डोलूं लागे.

आतां नॉर्टनचे रिकामे सांगाडे मिळाले कोठून? येथें इतिहासानें एक मोठी गमतीची खेळी केली आहे. त्याच सुमारास ५०० सी. सी. च्या चिमुकल्या मोटारींच्या शर्यतींचें खूळ इंग्लंडांत माजलें होतें. या मोटारींस नॉर्टनचें शर्यतीचें इंजिन हवें असे. पण कंपनी तें सहसा सुटें विकीत नसे. तेव्हां मोटारवाले अख्खी फटफटी विकत घेत, इंजिन काढून मोटारींत बसवीत, आणि उत्तम सांगाडा कोपऱ्यांत टाकून देत. एकाच्या घरचा उकिरडा दुसऱ्याचें भांडवल झाला! अर्थात् असे सांगाडे थोडेच. पुढें बहुतेकांनीं नॉर्टनच्या साध्या 'डॉमिनेटर' गाड्यांचेच सांगाडे घेतले.

हें लग्न लावणें मात्र वाटतें तितकें सोपें नव्हे. नॉर्टनच्या सांगाड्यांतील छिद्रें नॉर्टनच्याच इंजिनासाठीं. म्हणून ॲल्युमिनियमचे जाड पत्रे कापून, दोहोंस जुळतील अशीं नवीं छिद्रें पाडून, इंजिन मधोमध टांगावें लागे. तें जितकें पुढें व खालीं बसे, तितकें पुढचें चाक रस्त्यास धरून राही. १९६३ पूर्वींच्या ट्रायम्फमध्यें गिअरची पेटी इंजिनाहून वेगळी असे. त्यामुळें कित्येकजण पेटी नॉर्टनचीच ठेवीत. पण मग इंजिनाचें दांतेरी चक्र आणि क्लचचें चक्र एका रेषेंत आलेंच पाहिजे. केसभर चूक झाली तरी साखळी झिजे, क्वचित् तुटेही. शिवाय टर्नरच्या इंजिनांतले दोन्ही दट्टे एकदम वर व एकदम खालीं जात. त्यांचा थरकांप या ताठ सांगाड्यांतून स्वाराच्या मनगटापर्यंत पोंचे. काटकोन न चुकविणारा हात आणि रात्रींमागून रात्री खपण्याची चिकाटी, एवढ्यावरच सारें अवलंबून. हीं मुलें बहुधा कामकरी घरांतलीं होतीं, हें विसरतां कामा नये.

लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावरील 'एस कॅफे' हा त्यांचा अड्डा. ग्रामोफोनची एक तबकडी संपण्याच्या आंत नेमून दिलेल्या वळणाला फेरा घालून परतावयाचें, अशी पैज ते मारीत म्हणे. ही कथा आम्ही कथा म्हणूनच घेतों. ताशीं शंभर मैलांचा हव्यास मात्र कथा नव्हता, आणि त्यापायीं रस्त्यावर सांडलेलें रक्तही नव्हे. पण या जोडकामास केवळ पोरखेळ म्हणणारांनीं १९६५ सालची बार्सेलोनाची चोवीस तासांची शर्यत आठवावी. डेव्ह डेगेन्स व रेक्स बुचर या दोघांनीं ती ट्रायटनवरच जिंकली.

आमचा आक्षेप या मुलांवर नाहीं, मालकांवर आहे. ट्रायम्फ १९५१ सालीं बी. एस. ए. कडे गेली, नॉर्टन १९५३ सालीं दुसऱ्याच एका समूहाकडे. एकाजवळ इंजिन, दुसऱ्याजवळ सांगाडा. दोहोंच्या गिऱ्हाइकांस कळलेली गोष्ट दोहोंच्या दिवाणखान्यांत कोणास उमगली नाहीं, किंवा उमगूनही मानास आड आली. अखेर १९७३ सालीं सरकारी मदतीनें नॉर्टन व ट्रायम्फ एका छत्राखालीं आल्या, त्या जपानी गाड्यांनीं बाजार जिंकल्यावर. त्याच वर्षीं मेरिडनचा ट्रायम्फ कारखाना बंद करण्याचा बेत ठरतांच कामगारांनीं तो अडविला. १९७५ पासून त्यांनीं सहकारी तत्त्वावर तो चालविला. १९८३ सालीं तोही मिटला. त्या जागीं आज घरें आहेत, आणि तेथील एका गल्लीचें नांव बॉनव्हिल आहे.

नांवें मात्र मेलीं नाहींत. नॉर्टन २०२० सालीं चेन्नईच्या टी. व्ही. एस. कंपनीनें विकत घेतली. ट्रायम्फ इंग्लंडांतच पुन्हां उभी राहिली, आणि तिच्या ४०० सी. सी. च्या गाड्या २०२३ पासून आमच्या पुण्याजवळ चाकणला बजाजच्या कारखान्यांत होऊं लागल्या.