तारीख नसलेली बंदी

मालवण किनाऱ्यावर १ जूनला यांत्रिक मासेमारी बंद होते आणि ३१ जुलैला बंदी संपते. मधल्या दोन महिन्यांत होड्या वर ओढतात, जाळी तुणतात, इंजिनं खोलतात. नवं काही नाही, आहे तेच नीट करायचं.

डेबियन या ऑपरेटिंग सिस्टिमलाही अशी बंदी असते. १९९३मध्ये इयन मर्डॉकने सुरू केलेला हा प्रकल्प स्वयंसेवक चालवतात. त्यांच्या बंदीला म्हणतात ‘फ्रीझ’. फरक एकच: ती कधी संपणार, हे कॅलेंडर ठरवत नाही.

जुलै २००८च्या अखेरीस ‘लेनी’ ही आवृत्ती फ्रीझ झाली. नाव ‘टॉय स्टोरी’तल्या दुर्बिणीचं. इरादा सप्टेंबरचा होता. पण जिथे पगार नाही, तिथे अमुक तारखेला काम दे असं कोण कोणाला सांगणार? म्हणून सगळ्यांना दिसेल असा एक आकडा समोर ठेवतात: रिलीज अडवणाऱ्या बग्सचा. क्रिटिकल, ग्रेव्ह आणि सीरियस, या तीन प्रतींचे बग त्यात मोजतात. असा बग असलेलं पॅकेज एकतर दुरुस्त होतं, नाहीतर आवृत्तीतून बाहेर जातं. डिसेंबरात फर्मवेअरच्या वादावर मतदानही घ्यावं लागलं. शेवटी १४ फेब्रुवारी २००९ला लेनी आली.

त्याच लेनीत डेबियनचा इन्स्टॉलर पहिल्यांदा मराठीत आला. एकूण ६३ भाषा होत्या. त्यांतल्या १३ फक्त ग्राफिकल इन्स्टॉलरमध्ये दिसायच्या, आणि मराठी त्यांतलीच. साध्या टेक्स्ट स्क्रीनला आपली जोडाक्षरं झेपत नव्हती. ग्राफिकल इन्स्टॉलर २००७च्या ‘एच’ आवृत्तीत आला, तेव्हा कुठे आपल्यासाठी दार उघडलं.

पण त्याच यादीतून एस्टोनियन वगळली गेली. कारण साधं: भाषांतर अद्ययावत ठेवायला कोणी उरलं नव्हतं. आधी वगळलेली वेल्श मात्र परत आली.

भाषांतराचा हिशोब बग्सपेक्षा निराळा आहे. बग एकदा मिटला की आकडा खाली येतो. भाषांतर शंभर टक्के झालं तरी मूळ इंग्रजी वाक्य बदललं, की त्याचं मराठी वाक्य ‘फझी’ ठरतं आणि टक्का आपोआप घसरतो. कोणी काही बिघडवलेलं नसतं. फक्त कोणी लक्ष दिलेलं नसतं.

म्हणून फ्रीझचे ते महिने छोट्या भाषांसाठी मोलाचे. मूळ वाक्यं तेव्हा फारशी हलत नाहीत, मागे पडलेल्याला गाठता येतं.

२००९मध्ये मराठी यादीत आली ती कोणीतरी आपल्या फावल्या वेळात ती वाक्यं एकेक करून बसवली म्हणून. ती तिथे टिकते की नाही, हे मात्र प्रत्येक आवृत्तीला नव्याने ठरतं.