मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र
पुण्यातील येरवडा भागातील व्यसनमुक्ती केंद्र. स्थापना २९ ऑगस्ट १९८६. संस्थापक डॉ. अनिता (सुनंदा) अवचट (निधन १९९७) व डॉ. अनिल अवचट (१९४४–२०२२).

पार्श्वभूमी : १९८०नंतर मुंबई-पुण्यात गर्द म्हणजे ब्राउन शुगर पसरली. चांदीच्या कागदावर पूड तापवून तिचा धूर नळीने ओढायचा, ही तिची रीत. थोड्याच दिवसांत शरीर तिला बांधले जाते आणि पूड मिळाली नाही की टर्की सुरू होते : अंगदुखी, उलट्या, निद्रानाश. अमली पदार्थविरोधी कायदा १९८५ साली झाला, पण गर्दुल्ल्यांच्या उपचाराची सोय तुटपुंजीच राहिली. अनिल अवचट यांनी या मुलांत वावरून केलेले लेखन ‘गर्द’ या पुस्तकात आहे. ते लेखन वाचून पु. ल. व सुनीता देशपांडे यांनी एक लाख रुपयांची देणगी दिली आणि त्यातून केंद्र उभे राहिले. येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात जागा मिळाली. तेथे सुनंदाबाई मानसोपचारतज्ज्ञ होत्या. पुढे मोहनवाडीत स्वतःची वास्तू झाली.

कार्यपद्धती : केंद्राची ओळख लेखकामुळे झाली, घडण मात्र सुनंदाबाईंची. निवासी उपचार पाच आठवड्यांचे. टर्की औषधांनी सुसह्य केली जाते. त्यानंतरची भिस्त गटचर्चा, समुपदेशन, योग व ठरलेल्या दिनक्रमावर असते. बरे झालेले रुग्ण कार्यकर्ते म्हणून तेथेच काम करतात आणि नव्या रुग्णाला धीर देतात. डॉक्टरपेक्षा त्यांचे तो लवकर ऐकतो. रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट आहे. घसरण हा अपराध मानला जात नाही, पुन्हा उपचार मिळतात. आरंभी गर्दुल्ल्यांसाठी असलेल्या या केंद्रात कालांतराने दारूचे रुग्ण बहुसंख्य झाले.

अन्य वाटा : इतर शहरांत केंद्राचे पाठपुरावा गट आहेत. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे दारूच्या प्रश्नाला लोकांनी दिलेले उत्तर निराळे आहे, ते म्हणजे ‘आडवी बाटली’चे मतदान. २००८च्या शासकीय आदेशानुसार गाव वा प्रभागातील महिला मतदारांपैकी किंवा एकूण मतदारांपैकी निम्म्याहून अधिकांनी आडव्या बाटलीला, म्हणजे बंदीच्या चिन्हाला, मत दिल्यास दारूचे दुकान बंद होते. बंदीने व्यसन सुटते की चोरटी विक्री वाढते, यावर मतभेद आहेत.

सुनंदाबाईंनंतर कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी केंद्राची धुरा घेतली. स्त्री-रुग्णांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग आहे.