स्वतःच्या कातडीवर लागलेला शोध

ॲलर्जी हा शब्द आता आपल्या बोलण्यात इतका मुरला आहे, की न आवडणाऱ्या पाहुण्याचीही आपल्याला ‘ॲलर्जी’ असते. परिभाषाकोशात तिला अधिहर्षता असे नाव दिले आहे, पण ते कोशातच राहिले. शाळेत मात्र हा शब्द जरा संशयाने ऐकला जातो. वर्ग झाडायची पाळी आली की जिला शिंका सुरू होतात, त्या मुलीला “ढोंग पुरे” म्हणणारे गुरुजी आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिले असतील. हा संशय जुना आहे. खुद्द वैद्यकशास्त्रातही तो फार काळ टिकला. त्याला कारणही तसेच होते : या रोग्यांच्या शरीरात बोट ठेवून दाखवावे असे काही सापडत नव्हते. पुढे जे सापडले ते बऱ्याच अंशी अशा माणसांना, जी स्वतःच रोगी होती आणि ज्यांनी आपलीच कातडी प्रयोगशाळा म्हणून वापरली.

१६ मार्च १८१९ रोजी लंडनमध्ये डॉक्टरांच्या एका मंडळापुढे जॉन बॉस्टॉक यांनी ‘जे. बी.’ नावाच्या ४६ वर्षांच्या रोग्याची हकीकत वाचली. दर वर्षी जूनच्या सुमारास डोळे लाल होऊन चुरचुरायचे, शिंकांवर शिंका यायच्या, छाती दाटून यायची. रक्त काढणे, जुलाब, अफू, पारा, थंड पाण्याची स्नाने असे सर्व उपाय करून झाले होते. गुण कशानेच नव्हता. हे जे. बी. म्हणजे खुद्द बॉस्टॉकच. नऊ वर्षे शोध घेऊन १८२८ साली त्यांनी आणखी रोगी नोंदवले, तरी त्यांची संख्या अवघी २८ भरली, आणि ते बहुतेक सगळे मध्यम वा वरच्या वर्गातले होते. गरिबांत त्यांना हा विकार दिसलाच नाही. लोक याला ‘हे फीव्हर’, म्हणजे वाळल्या गवताचा ताप, म्हणू लागले होते. बॉस्टॉकना ते पटले नाही. त्यांनी दोष उन्हाळ्याच्या उष्णतेला दिला. इथे सामान्य लोक डॉक्टरांपेक्षा सत्याच्या जवळ होते!

उष्णता, की धूळ, की गवत? या प्रश्नाचा निकाल लावला मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅक्ली यांनी. त्यांनाही हाच विकार होता. १८५९ पासून त्यांनी एकेका संशयिताची स्वतःवर परीक्षा घेतली : उष्णता, ओझोन, धूळ, गवताला सुवास देणारी रसायने. रस्त्यावरून गाडी गेली, धूळ उडाली आणि शिंका सुटल्या, तेव्हा त्यांनी ती धूळ सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. तीत परागकण होते. मग त्यांनी निरनिराळ्या वनस्पतींचे पराग नाकात घातले, डोळ्यांत घातले, हाताला ओरखडा काढून त्यावर ओले करून लावले. शेजारी नुसताच ओरखडा होता. तो तसाच राहिला, पराग लावलेली जागा मात्र सुजून खाजू लागली. आज त्वचेवर जी ॲलर्जीची चाचणी करतात, तिचे मूळ या ओरखड्यात आहे.

पण खरी कमाल पुढे आहे. चिकट द्रव लावलेल्या काचपट्ट्या उघड्यावर ठेवून रोज किती परागकण पडतात ते ब्लॅक्ली मोजत राहिले. कणांची संख्या ज्या दिवसांत चढली, त्याच दिवसांत त्यांचा त्रासही चढला. पतंगाला काचपट्ट्या बांधून त्यांनी हजार फुटांहून वरची हवाही तपासली, आणि तिथेही पराग सापडले. गवताच्या कुरणापासून दूर शहरात राहणाऱ्याला शिंका का येतात, याचे उत्तर त्यात मिळाले. हे सर्व १८७३ च्या त्यांच्या पुस्तकात आहे. काचपट्टीवर ग्लिसरिनचा पातळ थर देऊन ती शाळेच्या गच्चीवर चोवीस तास ठेवणे व नंतर सूक्ष्मदर्शकाखाली मोजणी करणे हा प्रयोग नववी-दहावीच्या मुलांना सहज जमेल. (ओरखड्याचा भाग अर्थातच वगळावा.) ब्लॅक्लींनी एक कोडेही नोंदवून ठेवले : ज्यांचा परागांशी सर्वांत जास्त संबंध, त्या शेतकऱ्यांना हा विकार क्वचितच का? लहानपणापासूनच्या सहवासाने शरीर सरावते की काय, हा आजच्या संशोधकांचाही जिवंत प्रश्न आहे.

पराग गुन्हेगार ठरला खरा, पण तो काही विष नव्हे. दहा जणांच्या नाकात गेला तर एकालाच त्रास होतो. या कोड्याकडे जाणारा रस्ता समुद्रावरून आला. १९०१ साली मोनॅकोच्या राजाच्या जहाजावर शार्ल रिशे आणि पॉल पोर्टिए जेलीफिशसारख्या एका सागरी प्राण्याच्या विषाचा अभ्यास करीत होते. पॅरिसला परतल्यावर त्यांनी समुद्रफुलाचे विष घेतले. थोडे थोडे टोचून कुत्र्यांत प्रतिकारशक्ती आणायची, असा बेत होता. नेपच्यून नावाच्या धडधाकट कुत्र्याला पहिल्या मात्रेने फारसे काही झाले नाही. साधारण चार आठवड्यांनी पुन्हा अल्प मात्रा दिली, आणि तो २५ मिनिटांत मेला. जी तयारी संरक्षण करणार होती तिनेच घात केला होता. या उलट्या प्रकाराला रिशे यांनी १९०२ मध्ये ‘ॲनाफायलॅक्सिस’ म्हटले. मधमाशी चावल्यावर किंवा काही खाल्ल्यावर मुलाच्या अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास लागला, तर तो हाच प्रकार असतो. तिथे लेप लावीत बसू नये. ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन मिळेल अशा दवाखान्यात तत्काळ न्यावे. १९०६ मध्ये व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी ‘ॲलर्जी’ शब्द घडवला. त्यांच्या मनातला अर्थ होता नुसता ‘बदललेला प्रतिसाद’, मग तो तारक असो की मारक. मारक अर्थ पुढे एकटाच उरला.

आता ब्रेस्लाऊ गावी जाऊ. ते तेव्हा जर्मनीत होते. आज पोलंडमध्ये व्रोत्सवाफ या नावाने आहे. तिथे कार्ल प्राउस्निट्झ यांना गवताच्या परागाचा त्रास होता, आणि त्यांचे सहकारी हाइन्झ क्युस्टनर यांना शिजवलेल्या माशांचा. क्युस्टनर यांच्या रक्तात काही दोष असेल, तर तो दुसऱ्याला देता यावा. मग देऊनच पाहू! प्राउस्निट्झ यांनी क्युस्टनर यांच्या रक्तातले सीरम स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतले, आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. प्राउस्निट्झ मासे सुखाने खात असत, पण त्या एवढ्याशा जागेवर लालभडक गांध उठली. शेजारच्या कातडीला पत्ताही नव्हता. उलट दिशेचा प्रयोग मात्र फसला : परागाची ॲलर्जी क्युस्टनरना देता आली नाही. दोन्ही निकाल त्यांनी १९२१ च्या लेखात मांडले. फसलेला प्रयोग न लपवण्याची ही वृत्ती मुलांना आवर्जून सांगण्याजोगी आहे.

अर्थ स्पष्ट होता. दोष मनात नव्हता, स्वभावात नव्हता. तो रक्तात होता, आणि एकाकडून दुसऱ्याकडे नेता येत होता. पण तो पदार्थ कोणता? त्याला ‘रिएजिन’ असे नाव मिळाले आणि पुढची ४५ वर्षे तो नावापुरताच राहिला, कारण रक्तात तो नगण्य प्रमाणात असतो आणि नेहमीच्या प्रयोगांतल्या गिनीपिगांच्या कातडीवर त्याची खूण उमटत नाही. माणसाचीच कातडी लागते. अमेरिकेत डेन्व्हर येथे किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने १९६६ मध्ये तो वेगळा ओळखला, तोही स्वतःच्या पाठीवर टोचून घेत घेत. पुढच्याच वर्षी स्वीडनमध्ये उप्सालाच्या योहान्सन व बेनिख यांना एका कर्करोग्याच्या रक्तात तसेच प्रथिन भरपूर सापडले, आणि १९६८ मध्ये त्याचे ‘आयजीई’ असे एकच नाव ठरले. हा प्रतिपिंड कातडी, नाक व श्वासनलिकांतल्या मास्ट पेशींना चिकटून बसतो. त्याच्या ओळखीचा पराग आला की पेशीतून हिस्टामिन बाहेर पडते, आणि काही मिनिटांत शिंका, खाज, गांध! त्या झाडणाऱ्या मुलीच्या शिंकांमागचा पदार्थ आता मोजता येत होता.

इथे गोष्ट पुरी झाली असे वाटेल. पण १९४२ मध्येच कार्ल लँडस्टायनर आणि मेरिल चेस यांनी गिनीपिगांवर दाखवले होते, की रसायनाच्या स्पर्शाने होणारी ॲलर्जी सीरमने दुसऱ्याला देता येत नाही. त्यासाठी पांढऱ्या पेशीच न्याव्या लागतात. म्हणजे नाव एक असले तरी विकार दोन. आणि या दुसऱ्याचे उदाहरण आपल्या दारात आहे : गाजरगवत, ऊर्फ काँग्रेस गवत. अमेरिकेतून आयात केलेल्या धान्याबरोबर ते आले असे मानतात. पुण्यातली त्याची नोंद १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि १९७० च्या दशकात पुण्याच्या डॉक्टरांनीच त्यापासून होणाऱ्या त्वचारोगाचे सविस्तर वर्णन केले. या गवतातल्या पार्थेनिन नावाच्या द्रव्यामुळे पापण्या, मान, कोपराच्या खळगी इथली कातडी खाजते, जाड होते. त्याच्या परागाने सर्दी होते ती आयजीईची, पण कातडीचा हा रोग पेशींचा. म्हणून पंधरा-वीस मिनिटांत वाचायची ओरखड्याची चाचणी इथे निरुपयोगी. पाठीवर पट्टी चिकटवून दोन दिवसांनी पाहावी लागते.

शाळांच्या श्रमदानात गाजरगवत उपटण्याचा कार्यक्रम हमखास असतो, आणि तो बहुधा उघड्या हातांनी होतो. त्या दिवशी कोणालाच काही होत नाही. खाज सुटते ती एक-दोन दिवसांनी, तेव्हा गवत कोणाच्या लक्षातही नसते. “गेल्या वर्षी उपटले तेव्हा कुठे काय झाले?” असे कोणी विचारले तर नेपच्यूनची आठवण करून द्यावी, पहिल्या मात्रेने त्यालाही काही झाले नव्हते. हातमोजे, लांब बाह्यांचे कपडे, नाकावर रुमाल, आणि काम फुलोरा येण्यापूर्वी. ज्याला पूर्वी पुरळ उठले असेल त्याला त्या दिवशी झाडांना पाणी घालायला पाठवावे.