परमुलखांतील घर : वऱ्हाडच्या इतिहासाचा एक धडा

बुलढाणें, मलकापूर, खामगांव यांसारख्या गांवांतील मुलगे व मुली हल्लीं शिक्षणासाठीं आणि नोकरीसाठीं दूरदेशीं जातात. कांहीं वर्षांनीं ते तेथेंच स्थिरावतात, आणि मग तेथें घर विकत घेण्याचा बेत घरच्यांच्या कानावर येतो. आईबापांपुढें पहिला प्रश्न उभा राहतो तो किंमतीचा. कित्येकदां तिच्यासाठीं गांवाकडचें वावर विकण्याचीही पाळी येते. दुसरा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. ज्या देशाचे आपण नागरिक नाहीं, त्या देशांत घेतलेलें घर आपलें राहतें तें कशाच्या बळावर? हा प्रश्न दिसतो नवा. पण वऱ्हाडच्या इतिहासांत त्याचें उत्तर फार पूर्वींच लिहून ठेवलेलें आहे.

खामगांवच्या व्यापाराचा आरंभ १८२० च्या सुमारास झाला. त्या वेळीं हा मुलूख निजामाच्या अंमलाखालीं होता. १८२५-२६ मध्यें पेस्तनजी आणि कंपनी या पारशी पेढीनें वऱ्हाडांतून मुंबईस कापसाची पहिली मोठी निर्यात केली. पुढें या पेढीनें कापूस पिकविणाऱ्यांस सढळ हातानें आगाऊ रकमा दिल्या आणि खामगांव वगैरे ठिकाणीं गठ्ठे दाबण्याचे दाब बसविले. परक्या राज्यांत येऊन तिनें केवळ नफा नेला असें नव्हे, तर भांडवल रुजविलें. निजामाचे दिवाण चंदुलाल यांनाही तिनें कर्ज दिलें, आणि त्याच्या फेडीसाठीं १८४१ मध्यें वऱ्हाडांतील मोठा वसूल पेढीच्या हवालीं झाला. परंतु १८४३ मध्यें चंदुलालांनीं पद सोडलें, आणि १८४५ मध्यें पेस्तनजींस हातांतील प्रांत सोडून द्यावा लागला. या पेढीजवळ पैसा होता, उद्योग होता, दरबारची मर्जीही होती. नव्हता तो एकच आधार : दिवाण बदलला तरी न बदलणारा लेखी हक्क, आणि त्याची दाद घेणारें न्यायासन.

पुढें २१ मे १८५३ च्या तहानें निजामानें वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवालीं केलें. तें दिलें कारभारापुरतें. स्वामित्व निजामाचेंच राहिलें. ५ नोव्हेंबर १९०२ च्या करारानें वर्षाला २५ लाख रुपये खंड ठरून तोच मुलूख कायमच्या पट्ट्यानें इंग्रजांकडे आला. पण त्याही करारांत निजामाचें स्वामित्व मान्य केलेलें होतें. त्यामुळें कायद्याच्या भाषेंत वऱ्हाड हा 'ब्रिटिश इंडिया'चा भाग नव्हता. हिंदुस्थान सरकारचे कायदे येथें आपोआप लागू होत नसत. परमुलखांतील अधिकार म्हणून ते निराळ्या हुकुमानें लावावे लागत.

याचा परिणाम मोठा विलक्षण होता. मलकापुरांतील एखादा वकील मुंबईस घर घेई, तेव्हां कायद्याच्या अक्षराप्रमाणें तो निजामाचा प्रजाजन परमुलखांत घर घेत असे. उलट देऊळगांवराजाचा व्यापारी शेजारीं जालन्यास दुकान घेई, तेव्हां तो आपल्याच राजाच्या मुलखांत असे. पण प्रत्यक्ष अनुभव नेमका उलटा! जालन्यास नाणें हाली शिक्क्याचें, दरबारची भाषा उर्दू, न्यायालयें निराळीं. मुंबईस मात्र रुपया तोच, दस्त नोंदण्याची पद्धत ओळखीची, आणि आगगाडी दाराशीं. राजा एक असून मुलूख परका, आणि राजा निराळा असून मुलूख आपला, अशी ही स्थिति होती. परकेपण नकाशावरील रेषेनें ठरत नाहीं, तें दप्तरावरून ठरतें, असें आम्हांस वाटतें तें याच कारणानें.

हें दप्तर वऱ्हाडांत १८६० नंतरच्या दशकांत तयार झालें. मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी झाली. प्रत्येक शेतास सर्व्हे नंबर मिळाला. वहिवाटदाराचा हक्क वारसास जाणारा व विकतां येणारा ठरला. १८७० मध्यें जलंबहून खामगांवपर्यंत आगगाडी आली. मारवाडी, कच्छी, गुजराती सावकारांप्रमाणेंच विंटरथूर येथील व्होलकार्ट बंधूंची स्विस पेढीही खामगांवीं कापूस घेऊं लागली. पेस्तनजींना जें मिळालें नाहीं तें या परक्यांना मिळालें. याचा अर्थ इंग्रजी अंमल दयाळू होता असा नव्हे. नोंद पक्की होतांच तिच्या जोरावर सावकारानें कुणब्याची जमीनही लिहून घेतली, हें विसरतां येत नाहीं. दप्तर परक्याचें रक्षण करतें, तसें तें गाफील घरच्यालाही बेघर करूं शकतें.

आणि दप्तराची कसोटी राज्य बदलतांना लागते. सप्टेंबर १९४८ मध्यें हैदराबादचा प्रश्न मिटला, २६ जानेवारी १९५० रोजीं भारताची घटना अंमलांत आली, १९५६ मध्यें वऱ्हाड मुंबई राज्यांत गेलें, १९६० मध्यें महाराष्ट्र झाला. एवढीं स्थित्यंतरें झालीं. पण जमिनीच्या नोंदींचा धागा तुटला नाहीं.

इतर देशांनींही परक्याच्या मालकीस सहज वाट दिलेली नाहीं. इंग्लंडांत १८७० पर्यंत परदेशीयास जमीन पूर्ण मालकीनें धारण करतां येत नसे. आज सिंगापुरांत परदेशीयानें राहतें घर घेतल्यास २०२३ पासून किंमतीच्या ६० टक्के जादा मुद्रांक शुल्क पडतें. थायलंडांत एका इमारतींतील सदनिकांच्या क्षेत्रफळापैकीं ४९ टक्क्यांपर्यंतच परदेशीयांच्या मालकीचें असूं शकतें, आणि खालची जमीन सामान्यतः त्यांना घेतां येत नाहीं. आमच्याकडेही परदेशस्थ भारतीय नागरिकास घर घेतां येतें. शेतजमीन मात्र विकत घेतां येत नाहीं. तथापि कायद्यावांचून कोणाचीही मालमत्ता हिरावूं नये असें सांगणारें घटनेचें ३०० अ हें कलम 'नागरिक' असा शब्द न वापरतां 'व्यक्ति' असा शब्द वापरतें. परक्यासही त्याचा आश्रय आहे, ही गोष्ट आम्हांस भूषणावह वाटते.

म्हणून परदेशीं घर घेऊं पाहणाऱ्या मुलाला वडीलधाऱ्यांनीं खोल्या किती आणि हप्ता केवढा एवढेंच विचारून थांबूं नये. विकत घेतलें तें काय, जमीन, सदनिका कीं केवळ मुदतीचा पट्टा? राहण्याचा परवाना संपला तर मालकी टिकते काय? मालकाच्या पश्चात् वारसा कोणत्या देशाच्या कायद्यानें ठरेल? आणि वाद पडल्यास परक्याची फिर्याद तेथील न्यायालय स्थानिकाच्या फिर्यादीइतक्याच कानानें ऐकतें काय? या प्रश्नांचीं उत्तरें कागदावर मिळत असतील, तर तें घर सातासमुद्रांपलीकडे असलें तरी भरंवशाचें समजावें. तीं कोणा अधिकाऱ्याच्या किंवा मध्यस्थाच्या शब्दावर अवलंबून असतील, तर पेस्तनजींनीं खामगांवीं बसविलेल्या दाबांची आठवण ठेवावी आणि वावर विकण्याची घाई करूं नये.