घरी मल्टीट्रॅक रेकॉर्डिंग करायचंय? ऑडिओ इंटरफेस असा निवडा

फोनच्या माइकवर गाणं रेकॉर्ड केलं की गळा, पेटी, ढोलकी सगळं एकाच फाइलमध्ये मिसळून येतं. नंतर ढोलकी जरा कमी करायची म्हटली, तर गाणाऱ्याचा आवाजही तिच्याबरोबर खाली जातो. मल्टीट्रॅक म्हणजे प्रत्येक माइकचा स्वतंत्र ट्रॅक. हे ट्रॅक वेगवेगळे ठेवून लॅपटॉप किंवा फोनपर्यंत नेणारा डबा म्हणजे ऑडिओ इंटरफेस. माइकमधून येणारा अगदी बारीक सिग्नल तो मोठा करतो (हे काम प्रीअ‍ॅम्पचं) आणि त्याचे आकडे करून यूएसबीतून पुढे पाठवतो.

‘सैराट’साठी (२०१६) अजय-अतुल हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर गेले होते. आपल्याकडे खराडीतल्या फ्लॅटची बेडरूम आहे. पण इंटरफेस घेताना पहिला प्रश्न दोन्हीकडे एकच: एका वेळी किती माइक लागणार?

आधी माइक मोजा

एकटेच असाल आणि आधी गिटार, मग गाणं, मग कोरस असं एकावर एक रेकॉर्ड करणार असाल, तर दोन इनपुट पुरतात. गाण्यात शेवटी वीस ट्रॅक झाले तरी चालतं, कारण एका वेळी एक-दोनच भरले जातात. फोकसराइट स्कार्लेट २आय२ सारखे छोटे इंटरफेस यासाठीच असतात.

भजनाचं गणित वेगळं. बुवांना एक माइक, पेटीला एक, पखवाजाच्या दोन बाजूंना दोन, टाळकऱ्यांना मिळून एक. झाले पाच. आता म्हणाल, एकेकाला वेगळं बसवून रेकॉर्ड करू. पण बुवा पखवाजाकडे बघून लय वाढवतात, टाळकरी बुवांकडे बघून उचलतात. सत्तरीतल्या माणसाला हेडफोन लावून क्लिकवर गायला बसवलंत तर भजन उरत नाही. आणि गावाकडची मंडळी एकदा जमतात, त्या दिवशी जे गायले ते गायले. असं काही डोक्यात असेल तर आठ प्रीअ‍ॅम्पचाच विचार करा. चारचा घेतलात तर पखवाजाचा एक माइक पहिल्याच दिवशी कमी पडेल.

खोक्यावरचा आकडा नीट वाचा

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. स्कार्लेट १८आय२० मधला १८ म्हणजे अठरा माइक नव्हे. माइकचे प्रीअ‍ॅम्प आठच. उरलेल्यांपैकी आठ चॅनल एडॅट या ऑप्टिकल पोर्टचे आणि दोन एसपीडीआयएफचे. बेहरिंगर यूएमसी१८२० चंही तसंच, माइक आठ. म्हणून स्पेक शीटमध्ये ‘माइक प्रीअ‍ॅम्प’ हा शब्द शोधायचा, बाकी आकडे नंतर. एडॅट मात्र कामाचा आहे: पुढे आठ माइक वाढवायचे झाले तर बेहरिंगर एडीए८२०० सारखा डबा त्याला जोडता येतो. दोन यूएसबी इंटरफेस एकत्र लावायच्या नादी लागू नका. विंडोजवर एएसआयओमध्ये सहसा एका वेळी एकच ड्रायव्हर चालतो.

दुसरा सापळा यूएसबी मिक्सरचा. यामाहा एमजी१०एक्सयू वर दहा चॅनल आहेत, पण यूएसबीतून लॅपटॉपकडे दोनच जातात, सगळं मिसळून. लाइव्ह कार्यक्रमाला मिक्सर उत्तम. पण मल्टीट्रॅक हवं असेल तर दुकानदाराला विचारायचं ते इतकंच: “यूएसबीतून किती चॅनल वेगळे जातात?”

फोनला चालेल का?

‘क्लास कम्प्लायंट’ असेल तर ड्रायव्हरशिवाय चालतो. आयफोन १५ पासून यूएसबी-सी आहे. अँड्रॉइडला ओटीजी लागतं. पण आठ प्रीअ‍ॅम्पच्या इंटरफेसला फोन वीज पुरवू शकत नाही, त्याला स्वतःचा अ‍ॅडॉप्टर हवाच. शिवाय बरीच अँड्रॉइड अ‍ॅप्स एका वेळी दोनच इनपुट घेतात. माझं मत: दोन ट्रॅकपर्यंत फोन ठीक, त्यापुढे लॅपटॉप आणि रीपर.

१९२ किलोहर्ट्झच्या जाहिरातीला भुलू नका. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ भरपूर झालं. यात एक ट्रॅक मिनिटाला साधारण ८.६ एमबी घेतो. आठ ट्रॅकचा एक तास म्हणजे चार जीबीच्या थोडं वर. दोन तासांचं भजन असेल तर आधी डिस्क रिकामी करून ठेवा.

लेटन्सीबद्दल थोडक्यात. ४८ किलोहर्ट्झला २५६ सॅम्पलचा बफर म्हणजे एका बाजूने ५.३ मिलिसेकंद. जाऊन-येऊन दुप्पट होतात, ड्रायव्हरचे वर. हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज मागून येतोय असं वाटलं तर इंटरफेसवरचं ‘डायरेक्ट मॉनिटर’ चालू करा.

खराडीच्या फ्लॅटमध्ये

समोर बांधकाम, खाली ट्रॅफिक आणि डोक्यावरून लोहगावची विमानं. हवाई दलाचं सुखोई उडालं की कंडेन्सर माइक तेही इमानदारीत टिपतो. अशा घरात शुअर एसएम५८, एसएम५७ सारखे डायनॅमिक माइक तोंडाजवळ, वाद्याजवळ लावलेले बरे. त्यांना ४८ व्होल्टचं फँटम लागत नाही, मात्र गेन जास्त लागतो. म्हणून गेन पूर्ण वाढवून बघा, सूं असा आवाज किती येतो ते ऐका. उलट ढोलकी-पखवाजाला गेन कमीच ठेवा, सगळ्यात जोराची थाप उणे १२ डीबीच्या आसपास राहील इतका.

घूं असा हम येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. थांबला तर दोष इंटरफेसचा नाही, अर्थिंगचा आहे. एक्सएलआर केबल बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळतात. माइकपेक्षा दोन जास्त घ्या.

सेकंडहँड घेताना प्रत्येक इनपुटला एकच माइक आळीपाळीने लावून दहा-दहा सेकंद रेकॉर्ड करा, गेनचं बटण फिरवताना खरखर येते का बघा, आणि तुमच्या विंडोजसाठी त्या मॉडेलचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवर अजून मिळतोय ना, हे पैसे देण्याआधी तपासा.